मशीनला हात लावू नये

या अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे कविता मागितली होती. कविता झाली नाही. तिसऱ्या पाळीत रिंग फ्रेमच्या आवाजात जे डोक्यात फिरत होतं ते कवितेत मावेना, म्हणून हे गद्य देतोय. विषय दवाखान्याचा आहे. आपल्या धुळ्या-जळगावच्या मेडिकल कॉलेजांचा, तिथल्या यंत्रांचा आणि त्या यंत्रांना कोणी हात लावायचा याचा. कोणी म्हणेल, गिरणीतल्या पोराला यातलं काय कळतं? कळतं दोस्तहो. यंत्र कशानं चालतं आणि कशानं मरतं, हे रोज आठ तास त्याच्यासमोर उभं राहणाऱ्याला कळतं.

सरकारी दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीवर पाटी असते, ‘मशीनला हात लावू नये’. पाटी चुकीची नाही. आतली किरणं वाईट, यंत्र महागाचं. पण ‘हात लावू नये’ हे शब्द आपल्या लोकांनी दवाखान्याच्या आधी पुष्कळ ठिकाणी ऐकलेत. विहिरीवर ऐकले, देवळात ऐकले आणि गिरणीतही ऐकले. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता. तिथे अस्पृश्याला घेत नसत. कारण काय, तर बॉबिन बदलली की नवा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. मग आपली माणसं कमी पगाराच्या रिंग खात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला होता. म्हणजे बघा, यंत्र विलायतेहून आलं, वाफेवर चाललं, पण इथं उतरल्याबरोबर जातीनं त्याच्यावर आपली पाटी लावली.

मी आज धुळ्याजवळच्या एका सूतगिरणीत रिंग खात्यातच आहे. आता मला कोणी जातीवरून अडवलेलं नाही. शाळा दहावीला सुटली, पुढचं शिक्षण गिरणीनं केलं. आमच्या खात्यात एक म्हातारे फिटर होते, त्यांना सगळे वस्ताद म्हणत. त्यांनी मला बेअरिंगच्या घरावर हात ठेवायला शिकवलं. हात किती वेळ टिकतो त्यावरून आत किती गरम झालंय ते कळतं. कान लावायला शिकवलं. ‘यंत्र बंद पडायच्या आधी सांगतं रे,’ ते म्हणत, ‘ऐकणारा पाहिजे.’ प्रत्येक फ्रेमचं एक कार्ड असतं. स्पिंडलचं तेल कधी बदललं, पट्टा कधी बदलला, कोणी बदलला, सगळं त्याच्यावर. रात्रपाळीला फिटर असतो, वायरमन असतो. का? कारण फ्रेम तासभर उभी राहिली तर किती किलो सूत बुडालं याचा हिशेब सकाळी ऑफिसात मागतात. दवाखान्यातलं मशीन महिनाभर उभं राहिलं तर काय बुडालं, याचा हिशेब कोणी मागत नाही. जे बुडतं ते रोग्याचं बुडतं.

आता घरातलं सांगतो. माझी माय एका सरकारी दवाखान्यात ठेकेदाराकडे झाडूकाम करते. कोणता दवाखाना ते लिहीत नाही, तिची भाकर तिथं आहे. अकरा वर्षं ती एक्स-रेच्या खोलीची फरशी पुसते. आबा जिनिंगमध्ये कामाला होते. कापसाची धूळ खाऊन खोकला लागला, लागला तो सुटेना. डॉक्टरनं छातीचा फोटो लिहून दिला. माय स्वतः त्यांना घेऊन गेली. तर मशीन बंद. ‘बाहेरून काढा.’ बाहेर चारशे रुपये. मायचा रोज तेवढा नव्हता. आबा म्हणाले, चालू झाल्यावर काढू. मशीन चोवीस दिवस बंद राहिलं. तोवर आबांनी खोकल्याची बाटली पिऊन पुन्हा कामावर जायला सुरुवात केली होती. रक्त पडलं तेव्हा फोटो काढला. टीबी. औषधानं वाचले, पण एका बाजूचं फुप्फुस गेलं. आता घरीच असतात.

मला जे डाचतं ते पुढंच आहे. मशीन बंद पडायच्या आधी माय घरी सांगत होती. ती आहिराणीत बोलते. ‘आठ दिनपाईन ते मशीन कन्हे. मी सांगं त्यासले. झाडूवालीनं कोन आयकस?’ भिंतीवरच्या डब्यातून गुणगुण येते, मग खट्ट वाजतं, मग दिवा बारीक होतो, असं ती सांगायची. आमच्या वायरमनला मी ते जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, स्टॅबिलायझरमधला कॉन्टॅक्टर जळत असेल, दोन तासांचं काम आहे. दवाखान्यात मात्र देखभालीचा करार संपलेला होता. नव्या कराराची फाइल वर गेली होती. कंपनीचा इंजिनिअर मोठ्या शहरातून यायचा होता. तो आला, त्यानं डबा उघडला, कॉन्टॅक्टर बदलला आणि दुपारच्या गाडीनं परत गेला. अकरा वर्षं त्या यंत्राचा आवाज ऐकणारी बाई आणि बंद यंत्र यांच्यामध्ये दोन तासांचं काम होतं. ते करायला कोणी नव्हतं, आणि तिला ते शिकवावं हे कोणाच्या मनातही येत नव्हतं.

ही एका दवाखान्याची गोष्ट नाही, म्हणून आता घराबाहेर येतो.

खानदेशाला मेडिकल कॉलेज उशिरा मिळालं. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे मेडिकल १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं. जळगावचं सरकारी मेडिकल कॉलेज २०१८ साली सुरू झालं, पहिल्या तुकडीला १०० पोरं, आणि दवाखाना म्हणून जुनं सिव्हिलच. नंदुरबारला २०२० साली आलं. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून झोळीत टाकून आणलेली बाई, चोपड्याचा सालदार, शिरपूरचा पावरा, सगळ्यांची शेवटची पायरी हीच. कॉलेज आलं की त्याच्याबरोबर यंत्रं येतात, कारण यंत्रांची यादी पुरी असल्याशिवाय मान्यता टिकत नाही. पेपरात फोटो येतो, मंत्री फीत कापतात. यंत्रं येतात ते चांगलंच आहे. पण यंत्र आलं म्हणजे ताकद आली असं नव्हे.

ताकद कशी येते तेही आपण पाहिलंय. २०२० च्या सुरुवातीला करोना तपासायचा तर घशातला नमुना पुण्याला जायचा. मग त्या उन्हाळ्यात धुळ्याच्या मेडिकलात आरटीपीसीआरची लॅब उभी राहिली. जळगावचे नमुने धुळ्याला येऊ लागले. पुढे जळगावलाही लॅब झाली. नमुना घेणारा, नोंद करणारा, अर्क काढणारा, यंत्रात प्लेट लावणारा, आकडे वाचणारा, अशी माणसांची साखळी त्यासाठी इथंच तयार करावी लागली. धुळ्याचं पाणी प्यायलेली पोरं हे काम करू शकतात, हे तेव्हा सिद्ध झालं. ते पुन्हा कोणी विसरू नये.

त्याच काळात उलटी गोष्टही घडली. २०२० च्या जूनमध्ये जळगावच्या करोना रुग्णालयातून ८२ वर्षांची एक आजी बेपत्ता झाली. आठ दिवस शोध. मग तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या संडासात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. तिला शोधायला कोणतं यंत्र लागणार होतं? खाट मोजणारा माणूस लागत होता आणि संडास धुणारा माणूस लागत होता. ज्या दवाखान्यात हे दोन हात कमी पडतात तिथं कोटीचं यंत्र नेऊन ठेवलं तरी त्याचं काय होणार, ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

२०२१ च्या मे महिन्यात तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे व्हेंटिलेटरचं प्रकरण गाजलं. घाटी रुग्णालयाला केंद्राकडून आलेल्या १५० व्हेंटिलेटरांपैकी ११३ सदोष निघाल्याचं कोर्टापुढे आलं. केंद्राच्या बाजूनं सांगण्यात आलं, यंत्रं ठीक आहेत, चालवणाऱ्यांना नीट प्रशिक्षण नाही. मी यात न्यायाधीश नाही. पण गिरणीत नवी फ्रेम येते तेव्हा कंपनीचा माणूस महिनाभर राहतो, फ्रेम चालवून दाखवतो, आमच्याकडून चालवून घेतो, मगच कागदावर सही होते. खोकी उतरवून गेलेल्या गाडीला आमच्याकडे यंत्र आलं असं म्हणत नाहीत. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली. त्या दिवशी २२ रोगी गेले. टाकी होती, ऑक्सिजन होता. गळती सुरू झाल्यावर क्षणात ती बंद करणारा तयारीचा हात तिथं पाहिजे होता.

संगणकाचंही तेच झालं. राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत रोग्यांच्या नोंदींची संगणक व्यवस्था वर्षानुवर्षं एका खाजगी कंपनीच्या हातात होती. २०२२ साली ती बंद झाली आणि केसपेपर पुन्हा पेनानं लिहायची वेळ आली. भाड्याची अक्कल मालकानं परत नेली की आपल्याकडे फक्त वायरी उरतात.

आता थोडे आकडे देतो. केंद्र सरकारनं २०१५ च्या सुमारास देशभरच्या सरकारी दवाखान्यांतल्या यंत्रांची मोजणी केली. २९,११५ ठिकाणी ७,५६,७५० यंत्रं. किंमत साडेचार हजार कोटींच्या वर. त्यातली राज्याराज्यात १३ ते ३४ टक्के बंद. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात रॉबर्ट माल्किन नावाचे अभ्यासक होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं २०११ साली १६ गरीब देशांतल्या एक लाखावर यंत्रांच्या याद्या तपासल्या. ३८ टक्के यंत्रं बंद होती. त्याच्या आदल्या वर्षी माल्किन यांनी दुसरी एक गोष्ट मांडली होती, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. गरीब देशांच्या दवाखान्यांतली अडीच हजारांवर बंद यंत्रं त्यांनी पाहिली. दहातली सात यंत्रं परदेशातून एकही सुटा भाग न मागवता चालू झाली होती. फ्यूज, वायर, प्लग, नळी, साफसफाई, आणि चालवणाऱ्याला नीट दाखवणं. बस.

हे वाचून मी हसलो. कारण हे तर वस्ताद सांगत होते. दवाखान्यातली बरीचशी यंत्रं आपल्या ओळखीची आहेत, फक्त त्यांनी पांढरा रंग लावलाय. रक्त फिरवणारं सेंट्रिफ्यूज म्हणजे मोटर. तिचे कार्बन ब्रश झिजतात, तसे आमच्या खात्यातल्या जुन्या मोटरीचे झिजतात. अवजारं उकळायचं ऑटोक्लेव्ह म्हणजे छोटा बॉयलर. गॅस्केट गेलं की वाफ गळते, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह कोणी बांधून ठेवला तर स्फोट होतो. सक्शन मशीन म्हणजे हवा ओढणारा पंप. आमच्या फ्रेमखाली तुटलेलं सूत ओढायला तसाच असतो, जाळी तुंबली की ओढ कमी. हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या यंत्राला फिल्टर असतो, तो दर आठवड्याला धुवायचा. ईसीजीच्या वायरी मुळाशी वाकून तुटतात. बाळाला ऊब देणाऱ्या पेटीचा सेन्सर सैल झाला की पेटी खोटं तापमान सांगते. खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो, व्होल्टेज सकाळ-संध्याकाळ नाचतं, धूळ दाराखालून येते. थंड देशातल्या खोलीसाठी बनवलेलं यंत्र इथं आणलं तर त्याला राखणारा जास्त लागतो, कमी नाही. सीटी स्कॅन, एमआरआय उघडणं हे माझं काम नव्हे, त्याला तसं शिक्षण लागतं. पण सीटी स्कॅनसुद्धा पुष्कळदा एसी बंद पडला म्हणून बंद पडतं.

मग हे हात का तयार होत नाहीत? पैसा नाही हे एक उत्तर, आणि ते अर्धं खरं आहे. यंत्र घ्यायला पैसा निघतो, ते राखणाऱ्या माणसाची जागा भरायला निघत नाही. दुसरं अर्धं उत्तर कोणी लिहीत नाही. आपल्या देशात हातानं काम करणारा खालचा आणि डोक्यानं करणारा वरचा. डॉक्टर स्क्रू ड्रायव्हर धरणार नाही, तो त्याचा धर्म नव्हे. टेक्निशियन फरशी पुसणारीला विचारणार नाही. आणि फरशी पुसणारी जन्मभर यंत्राभोवती फिरेल, पण यंत्रापर्यंत पोचणार नाही. ही उतरंड दवाखान्यात आली तेव्हा तिनं फक्त ॲप्रन घातला.

अमेरिकेत काळ्यांचं असंच होतं. व्हिव्हियन थॉमस नावाचा सुतारकाम करणारा काळा पोरगा डॉक्टर व्हायला पैसे साठवत होता. मंदीत बँक बुडाली, पैसे गेले. १९३० साली तो डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत लागला. काम संशोधनाचं, पगारपत्रकावर हुद्दा झाडूवाल्याचा. फुप्फुसाला पुरेसं रक्त न गेल्यानं निळी पडून मरणारी बाळं असत. त्यांना वाचवायची शस्त्रक्रिया त्यानं आधी कुत्र्यांवर करून बसवली, त्यासाठी अवजारं स्वतः घडवली. २९ नोव्हेंबर १९४४ ला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पहिल्या बाळावर ती झाली. चाकू ब्लॅलॉक यांच्या हातात होता, आणि त्यांच्या मागं स्टुलावर उभा राहून थॉमस टाका कसा घ्यायचा ते सांगत होता. नाव डॉक्टरांचं झालं. त्याला मानद डॉक्टरेट मिळाली १९७६ साली, बत्तीस वर्षांनी. आपल्याकडे जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात रामचंद्र शर्मा या कारागिरानं डॉ. प्रमोद करण सेठींबरोबर रबराचा पाय घडवला. तो पाय घालून माणूस शेतात चिखलात उतरतो, मांडी घालून बसतो. विलायती पायाला ते जमत नव्हतं. १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार डॉक्टरांना मिळाला. मी डॉक्टरांना कमी लेखत नाही. दोन्ही ठिकाणी डॉक्टरानं कारागिराला यंत्राजवळ येऊ दिलं, म्हणून काम झालं. एवढंच मला दाखवायचंय.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. २९ ऑक्टोबर १९४२ ला त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात त्यांनी विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या पोरांना उमेदवारी मागितली. नुसत्या बी.ए., एलएल.बी.वर आपला समाज उभा राहणार नाही, हे त्यांनी तेव्हा मांडलं. आपण त्यांचा पेन घेतला, कोट घेतला, ते योग्यच. रेल्वेचा कारखाना मात्र त्या निवेदनातच राहिला.

आणि जे शिकून वर गेले त्यांचं काय झालं तेही खानदेशाला ठाऊक आहे. डॉ. पायल तडवी जळगावची. तडवी भिल्ल समाजातली पोरगी मिरजेहून डॉक्टर होऊन मुंबईच्या मेडिकल कॉलेजात स्त्रीरोगाचं पुढचं शिक्षण घ्यायला गेली. २२ मे २०१९ ला तिनं जीव दिला. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. कॉलेजात शिकायचं ते काम करत, बघत, हात लावत शिकायचं असतं. तिथं एखादीला आपल्यातली म्हणून उभंच राहू दिलं नाही, तर सीट मिळूनही दार बंदच. मेडिकल कॉलेजाची ताकद मोजताना यंत्रांच्या यादीशेजारी हीही नोंद ठेवा.

माझी धाकटी बहीण यंदा सायन्समधून बारावी झाली. नातेवाईक म्हणतात नर्सिंग कर, कोणी म्हणतं पोलीस भरती. ती म्हणते, ‘दादा, मला ते मशीन शिकायचंय.’ पॉलिटेक्निकला मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आहे. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी आहे. फॉर्म आणलाय. फी, वसतिगृह, जातपडताळणी, सगळं पुढं उभं आहे. आबांनी विचारलं, ‘नोकरी लागंल का?’ कायमची जागा निघेल की ठेक्यावर ठेवतील, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. माय काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तिला म्हणाली, ‘तू शिक. आवाज मी सांगसू.’

आपली मागणी फार मोठी नाही. धुळ्याच्या, जळगावच्या, नंदुरबारच्या प्रत्येक कॉलेजात स्वतःचं दुरुस्तीचं वर्कशॉप असावं, आणि त्यात आयटीआयच्या पोरांना उमेदवारी मिळावी. प्रत्येक यंत्राला गिरणीतल्यासारखं कार्ड असावं, मराठीत, भिंतीवर. यंत्राच्या कागदावर सही व्हायच्या आधी इथल्या माणसाला ते शिकवलेलं असावं. वॉर्डबॉय आणि मावशी यांना रोज यंत्र पुसायला लावता, तर त्याचा फिल्टर धुवायला आणि बिघाड ओळखायलाही शिकवा, आणि त्याचा पगार द्या. फुकट शिकवून फुकट राबवणं आपण पुष्कळ भोगलंय.

दवाखान्यात काम करणाऱ्यांनी यावर पुढच्या अंकात लिहावं. कोणतं यंत्र किती दिवस बंद आहे, ते कशानं बंद पडलं, तुम्हाला आधी काय ऐकू आलं होतं, ते लिहा. ज्या मावशांना लिहिता येत नाही त्यांच्या पोरांनी विचारून लिहावं.